पडीक दिसलं म्हणून मोकळं नसतं

सोयाबीन पिवळं पडून शेंगा वाजायला लागल्या की वाशिम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यातल्या इंझोरीसारख्या गावांच्या शिवारात पीक कापणी प्रयोग सुरू होतात. गट नंबर आधीच यादृच्छिक अंकांवरून निघालेला असतो. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं. आलेल्या अंकांइतकी पावलं आधी लांबीच्या बाजूने मोजायची, मग रुंदीच्या बाजूने. जिथे पाय थांबेल तिथे खुंटी ठोकायची, दोरी ताणून ठरलेल्या मापाचा चौकोन आखायचा. आतलं पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं आणि आकडा कागदावर घ्यायचा. अशा मोजक्या चौकोनांवरून सगळ्या महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न ठरतं. पीकविम्याचा हिशेबही त्यावर उभा राहतो.

या पद्धतीत एक बारीक नियम आहे आणि हे प्रकरण त्याच्याभोवतीच फिरणार आहे. निघालेल्या गटात ते पीकच नसेल, तर तो सोडून पुढचा गट घ्यायचा. शेत स्पर्धेसाठी किंवा प्रयोगासाठी राखलेलं असेल, पीक चाऱ्यासाठी पेरलेलं असेल, तरी तो गट सोडायचा. पण पीक कमी दिसतं म्हणून किंवा जास्त दिसतं म्हणून मात्र गट बदलायचा नाही. सोडायचं ते शेताच्या प्रकारावरून. वजनावरून सोडलं की सरासरीच खोटी होते.

मोजणी आणि चाळणी ही दोन वेगळी कामं आहेत. एक सांगतं ‘किती’, दुसरं सांगतं ‘कशाचं’. दोन्ही लागतात आणि एकाने दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नसतो. प्रयोग करणाऱ्या कृषी सहायकाच्या खिशातला फोनही आपल्या पोटातल्या जमिनीसाठी, म्हणजे मेमरीसाठी, याच दोन प्रश्नांशी झगडत असतो. त्या जमिनीचा कारभार कर्नल पाहतो. ऑपरेटिंग सिस्टीमचा हा सर्वांत आतला भाग. अँड्रॉइड फोनमध्ये तो लिनक्सचा असतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला हा कर्नल आज फोनपासून महासंगणकापर्यंत सगळीकडे चालतो.

मेमरीचं शिवार

आधी या जमिनीचं माप घेऊ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला ‘टिफ्रॅक’ संगणक १९६० मध्ये पूर्णपणे कामाला लागला. त्याच्या मुख्य मेमरीत २,०४८ शब्द मावत, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. म्हणजे एकूण १०,२४० बाइट. आजचा कर्नल मेमरी एकेका बाइटने वाटत नाही, ‘पानां’नी वाटतो आणि एक पान बहुधा ४,०९६ बाइटचं असतं. टिफ्रॅकची अख्खी मेमरी अशी अडीच पानं भरते. एवढ्या जागेत कुठे काय ठेवायचं हे प्रोग्राम लिहिणारा स्वतः ठरवी. अडीच वाफ्यांच्या परसबागेला तलाठी लागत नाही.

आता ४ जीबी रॅमचा साधा फोन घ्या. त्यात १०,४८,५७६ पानं होतात. या साडेदहा लाख वाफ्यांवर एकाच वेळी डझनावारी अ‍ॅप पेरा करत असतात. कोणाचं काय, कुठवर, कोणत्या हक्काने, याची नोंद ठेवल्याशिवाय इथे एक क्षणही चालणार नाही.

ही नोंद कर्नल गटवारीने ठेवतो. प्रत्येक अ‍ॅपच्या पत्त्यांचा सलग, एकसारख्या हक्कांचा पट्टा म्हणजे एक प्रदेश. लिनक्सच्या संगणकावर आपल्या चालू प्रोग्रामचा हा उतारा आपल्याला वाचता येतो. एका ओळीत एक प्रदेश. सुरुवातीचा पत्ता, शेवटचा पत्ता, मग चार खुणा: वाचता येतं का, लिहिता येतं का, त्यातला मजकूर सूचना म्हणून चालवता येतो का, आणि पट्टा खासगी आहे की सामाईक. ओळीच्या शेवटी, हा पट्टा एखाद्या फाइलमधून आला असेल तर त्या फाइलचं नाव. आला नसेल तर बहुधा ती जागा कोरी. सातबारा वाचायची सवय असलेल्या माणसाला हा कागद अनोळखी वाटणार नाही. क्षेत्र, हक्क आणि शेरा, सगळं एका ओळीत.

गटांचे पोटहिस्से पडतात तसे इथेही पडतात. एका सलग प्रदेशाच्या मधल्या काही पानांवर ‘फक्त वाचा’ असा हक्क लावला, की एका ओळीच्या तीन ओळी होतात: आधीचा भाग, मधला भाग, नंतरचा भाग. उद्या तो हक्क पूर्ववत केला की कर्नल शेजारचे सारखे तुकडे पुन्हा जोडतो. एका अ‍ॅपचे असे शेकडो प्रदेश असतात. पत्ता दिला की तो कोणत्या प्रदेशात पडतो हे क्षणार्धात सापडावं, म्हणून २०२२ मधल्या ६.१ आवृत्तीपासून लिनक्स ‘मेपल ट्री’ नावाची झाडासारखी मांडणी वापरतो.

पण हा उतारा मालकी सांगतो, वहिवाट सांगत नाही. पट्टा अ‍ॅपच्या नावावर आहे, इतकंच कळतं. त्यातली कोणती पानं रोज लागतात आणि कोणती कालपासून कोणी पाहिलीही नाहीत, ते त्यात लिहिलेलं नसतं. मेमरी कमी पडली की कारभाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

सगळं मोजता येत नाही, तेव्हा

पान वापरलं गेलं की नाही, याची एक खूण प्रोसेसरकडे असते. पानांच्या नोंदवहीत प्रत्येक पानापुढे एक बिट असतो. कोणी ते पान वाचलं किंवा त्यावर लिहिलं, की हा बिट चढतो. कर्नलने तो उतरवून ठेवायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा पाहायचा. चढलेला दिसला तर मधल्या काळात कोणीतरी येऊन गेलं. शेताच्या वाटेवर राख पसरावी आणि सकाळी पावलं उमटली का ते पाहावं, तसं.

युक्ती चांगली आहे, पण साडेदहा लाख वाफ्यांच्या वाटांवर राख पसरायची आणि दर काही मिलिसेकंदांनी ती तपासायची म्हटलं तर कारभाऱ्याचा सगळा दिवस त्यातच जाईल. फोनची बॅटरी आणि प्रोसेसरचा वेळ अ‍ॅपसाठी आहे, राखणदारीसाठी नाही.

इथे पुन्हा शिवाराकडे वळायला हवं, कारण हा पेच संगणकाच्या आधी शेतीने सोडवला होता. आपल्या देशात पिकाचा अंदाज पूर्वी नजरेने घेतला जाई. ‘किती आणे पीक’ असं गावकामगाराने पाहून सांगायचं. त्याऐवजी यादृच्छिक निवडीने थोडी शेतं घ्यावीत, प्रत्यक्ष कापून वजन करावं आणि त्यावरून साऱ्या प्रदेशाचा अंदाज बांधावा, ही शिस्त १९४० च्या दशकात उभी करणाऱ्यांमध्ये दोन मराठी संख्याशास्त्रज्ञ पुढे होते. एक सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे, दुसरे विनायक गोविंद पानसे. त्या काळातल्या मध्य प्रांत-वऱ्हाडातला कापूस हे या कामाचं सुरुवातीचं एक क्षेत्र होतं. दोघांनी मिळून लिहिलेलं ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर अ‍ॅग्रिकल्चरल वर्कर्स’ हे १९५४ चं पुस्तक कृषी विद्यापीठांतल्या कित्येक पिढ्यांनी हाताळलं आहे.

सुखात्म्यांनी दाखवून दिलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. नमुन्याचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. कारण साधं आहे. दोरीवर येणारं झाड आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की हात नकळत ते आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितका कडेचा वाटा मोठा आणि तितकी ही चूक मोठी. नमुन्यावरून बोलायचं असेल तर नमुन्याच्या कडा कुठे पडतात हे पाहावंच लागतं.

कर्नलमधल्या मोजणीचीही हीच कथा आहे. सिऑनजे पार्क यांनी लिहिलेली ‘डेमॉन’ ही सोय २०२१ मध्ये लिनक्सच्या ५.१५ आवृत्तीत आली. नावाचा विस्तार ‘डेटा अ‍ॅक्सेस मॉनिटर’, म्हणजे मेमरीच्या वापरावरची नजर. ती पानांमागे धावत नाही, मेमरीचे प्रदेश पाडते. हे प्रदेश उताऱ्यातल्या गटांपेक्षा वेगळे. ते मालकीवरून पडत नाहीत, वापराच्या सारखेपणावरून पडतात. प्रत्येक प्रदेशातून एक पान यादृच्छिक निवडायचं, त्याचा बिट उतरवायचा आणि पुढच्या फेरीत पाहायचा. ठरावीक मांडणीत ही फेरी दर ५ मिलिसेकंदांनी होते आणि दर १०० मिलिसेकंदांनी बेरीज होते. म्हणजे एका बेरजेत एका प्रदेशाची साधारण २० वेळा चौकशी. वीसपैकी अठरा वेळा पाऊल उमटलेलं दिसलं तर प्रदेश ‘गरम’, एकदाही नाही तर ‘थंड’.

प्रदेशांची संख्या ठरावीक मांडणीत किमान १० आणि कमाल १,००० ठेवलेली असते. त्यामुळे मेमरी ४ जीबी असो की ४०० जीबी, एका फेरीत हजाराहून जास्त पानांना हात लागत नाही. खर्चाला वरून कुंपण घातलेलं आहे.

आणि कडांचं काय? एका प्रदेशात अर्धी पानं गरम आणि अर्धी थंड असतील तर सरासरी कोणाचंच खरं सांगणार नाही. म्हणून प्रत्येक बेरजेनंतर शेजारचे सारखे वागणारे प्रदेश जोडले जातात आणि प्रत्येक प्रदेश यादृच्छिक जागी पुन्हा तोडून पाहिला जातो. दोन्ही तुकडे वेगळे वागले तर धुरा, म्हणजे बांध, योग्य जागी पडला, सारखे वागले तर पुढच्या वेळी ते पुन्हा जोडले जातील. असं करत करत धुरे खऱ्या फरकाच्या जागी सरकतात. शिवाय प्रत्येक प्रदेशाचं ‘वय’ मोजलं जातं: हा असाच किती काळापासून वागतोय? आत्ता थंड असणं आणि दोन मिनिटांपासून थंड असणं यांत फरक आहे.

थंड म्हणजे निरुपयोगी नव्हे

मोजणी झाली. थंड प्रदेश सापडले. आता ती पानं बाहेर काढून जागा मोकळी करायची, इतकं सरळ आहे का?

ऑक्टोबरात इंझोरीच्या शिवारात एक अनोळखी माणूस आला आहे, असं समजा. सोयाबीन निघालेलं शेत त्याला रिकामं दिसेल. पण मधल्या ओळींतली तूर उभी आहे, ती पौष-माघात हाती येणार. पलीकडची नांगरून ठेवलेली काळी जमीन हरभऱ्याच्या पेऱ्याची वाट पाहते आहे. त्या पलीकडच्या ई-क्लास जमिनीवर कधीच काही पेरलेलं नसतं, पण गावाची गुरं तिच्यावर जगतात. स्मशानभूमीचा तुकडा वर्षातले बहुतेक दिवस ओसाड असतो. ‘इथे हालचाल नाही’ हे चारही ठिकाणी खरं आहे. ‘म्हणून ही जागा मोकळी आहे’ हे एकाही ठिकाणी खरं नाही.

मेमरीतही थंड पानांच्या जाती असतात. पहिला मोठा भेद फाइलच्या पानांचा आणि निनावी पानांचा. नकाशाच्या अ‍ॅपचा कोड किंवा वाचलेल्या फोटोचा मजकूर मूळ फाइलमधून आलेला असतो. अशा पानावर काही नवं लिहिलं नसेल तर ते सरळ टाकून देता येतं, लागलं की फाइलमधून पुन्हा वाचता येतं. पण अ‍ॅपने चालता चालता स्वतः तयार केलेली माहिती, अर्धवट भरलेला अर्ज, टाइप केलेलं पण न पाठवलेलं वाक्य, यांना मागे फाइल नसते. म्हणून ती पानं निनावी. ती टाकली तर गेलीच. त्यामुळे त्यांना कुठेतरी नीट ठेवावं लागतं. बऱ्याच फोनमध्ये ‘झेडरॅम’ वापरतात: रॅमच्याच एका कोपऱ्यात पान दाबून, लहान करून ठेवायचं. ही सोय २०१४ मध्ये, ३.१४ आवृत्तीत मुख्य लिनक्सचा भाग झाली. दाबायला आणि परत उलगडायला प्रोसेसरचा वेळ जातो. म्हणजे दोन पानं सारखीच थंड असली, तरी एक टाकणं स्वस्त आणि दुसरं टाकणं महाग.

हा भेद कर्नलला डेमॉनच्या आधीपासून माहीत आहे. २००८ मधल्या २.६.२८ आवृत्तीत फाइलच्या आणि निनावी पानांच्या याद्या वेगळ्या झाल्या आणि ‘हलवायची नाहीत’ अशा पानांची तिसरी यादीही आली. गावाने ई-क्लास वेगळी लिहून ठेवावी तसंच हे.

दुसरा भेद मालकीचा. एकाच यंत्रावर अनेक कामांचे गट चालतात आणि कर्नल प्रत्येक गटाच्या मेमरीचा हिशेब स्वतंत्र ठेवतो. रुग्णालयाच्या एखाद्या सर्व्हरवर नोंदणीची खिडकी आणि रात्रीचा हिशेबाचा प्रोग्राम शेजारी शेजारी असतात. पहाटे दोन वाजता नोंदणीची पानं थंडच दिसणार, पण रुग्ण दारात आला की त्याला थांबवता येणार नाही.

ही स्थानिक माहिती मोजणीतून कधीच मिळत नाही, कितीही बारीक मोजलं तरी. ती बाहेरून, माणसाकडून यावी लागते. २०२२ च्या ५.१६ आवृत्तीत डेमॉनला ‘अशा प्रकारचा प्रदेश दिसला तर अमुक कर’ असं सांगण्याची सोय आली: किती मोठा, किती गरम, किती काळापासून, आणि मग करायची कृती. पण ‘कशाचा’ हा रकाना त्यात नव्हता. तो २०२३ च्या ६.३ आवृत्तीत आला. त्याचं नाव फिल्टर, आपण चाळणी म्हणू. सुरुवातीला दोन चाळण्या होत्या: पान निनावी आहे का, आणि पान अमुक गटाचं आहे का. त्याच वर्षी ६.६ मध्ये आणखी दोन आल्या: पत्ता अमुक पट्ट्यात पडतो का, आणि प्रदेश अमुक लक्ष्याचा, म्हणजे नजरेखालच्या अमुक प्रोग्रामचा आहे का.

चाळणी मोजणीत ढवळाढवळ करत नाही. नजर सगळ्यांवर सारखीच राहते. चाळणी फक्त कृतीच्या आधी उभी राहते. पीक कापणीतला नियम हाच होता: गट सोडायचा तो प्रकारावरून, वजनाला हात लावायचा नाही.

तीन पानं, दोन चाळण्या

चाळणी वापरणं दिसतं तितकं सोपं नाही. एक उदाहरण अगदी जवळून पाहू.

एका थंड प्रदेशात तीन पानं शेजारी शेजारी आहेत असं धरू. पहिलं, नकाशाच्या अ‍ॅपचं, फाइलमधून आलेलं. दुसरं, पीक नोंदवण्याच्या अ‍ॅपमधल्या अर्धवट भरलेल्या अर्जाचं, निनावी. तिसरं, फोन लावण्याच्या अ‍ॅपचं, फाइलमधून आलेलं. आपल्याला हवंय ते असं: फोन लावण्याच्या अ‍ॅपला धक्का नको, निनावी पानांना धक्का नको, उरलेली फाइलची पानं गेली तर चालतील.

चाळण्या एकाखाली एक लावतात. पान ज्या पहिल्या चाळणीत बसेल तिचा निकाल शेवटचा, पुढच्या चाळण्या त्याला विचारतही नाहीत. पूर्वी चाळणी फक्त ‘हे नको’ म्हणू शके. २०२५ मध्ये ‘हे चालेल’ म्हणणाऱ्या चाळण्याही आल्या. आणि जे पान कोणत्याच चाळणीत बसत नाही, त्याचा निकाल शेवटच्या चाळणीच्या उलट लागतो. शेवटची चाळणी ‘चालेल’ म्हणणारी असेल, तर उरलेलं सगळं ‘नको’. शेवटची ‘नको’ म्हणणारी असेल, तर उरलेलं सगळं ‘चालेल’.

आता क्रम लावू. वरची चाळणी: ‘फोन लावण्याच्या गटाचं पान नको.’ खालची: ‘फाइलचं पान चालेल.’ नकाशाचं पान वरच्या चाळणीत बसत नाही, खालच्या चाळणीत बसतं, बाहेर जातं. अर्जाचं पान दोन्हींत बसत नाही, शेवटची चाळणी ‘चालेल’ची, म्हणून ते राहतं. फोन लावण्याचं पान वरच्याच चाळणीत अडतं, राहतं. हवं तेच झालं.

फक्त क्रम उलटा करा. वर ‘फाइलचं पान चालेल’, खाली ‘फोन लावण्याच्या गटाचं पान नको’. नकाशाचं पान जातं, ते ठीक. पण फोन लावण्याचं पानही फाइलचंच आहे, ते पहिल्याच चाळणीतून बाहेर गेलं. त्याला वाचवायला ठेवलेल्या चाळणीपर्यंत ते पोहोचलंच नाही. आणि अर्जाचं पान? ते कोणत्याच चाळणीत बसलं नाही, शेवटची चाळणी ‘नको’ची, म्हणून उरलेल्यांना ‘चालेल’. तेही गेलं. शब्द तेच, चाळण्या त्याच, फक्त वरची खाली झाली, आणि वाचवायची होती ती दोन्ही पानं गेली.

धान्य चाळणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. आधी मोठ्या भोकांची चाळणी, मग बारीक, हे तिच्या हाताला माहीत असतं. प्रोग्राम लिहिणाऱ्याला मात्र प्रत्येक वेळी तीन पानं कागदावर घेऊन क्रम तपासून पाहावा लागतो. ही सवय कोणत्याही विद्यार्थ्याने लावून घ्यावी.

धुऱ्यावरून परत येणं

आणखी एक फरक अनुभवी माणसंही विसरतात. काही चाळण्या प्रदेशाकडे नुसतं पाहूनच लावता येतात. पत्ता अमुक पट्ट्यात आहे का, हे कळायला आत जावं लागत नाही. प्रदेश पट्ट्यात अर्धवट पडत असेल तर कर्नल त्याचे तिथेच दोन तुकडे करतो, मोजणीदाराने हद्दीवर दगड रोवावा तसे. पण पान निनावी आहे का, कोणत्या गटाचं आहे, हे कळायला प्रदेशात शिरून एकेक पान उचलून पाहावं लागतं. कारण शेजारी शेजारी असलेली पानं सारखी थंड असू शकतात, पण एकाच जातीची असतीलच असं नाही. विशेषतः रॅमच्या प्रत्यक्ष पत्त्यांवर नजर ठेवली असेल तर एका अ‍ॅपच्या फाइलच्या पानाला लागून दुसऱ्याचं निनावी पान असणं ही रोजची गोष्ट आहे.

याचा परिणाम हिशेबात दिसतो. पत्त्याच्या चाळणीने अडवलेला प्रदेश ‘प्रयत्न केला’ या रकान्यात धरलाच जात नाही. पानापानाने चाळलेला प्रदेश मात्र धरला जातो, त्यातलं एकही पान हललं नाही तरी. पहिल्यात घरी यादीवरूनच गट खोडला. दुसऱ्यात शेतापर्यंत जाऊन, पाहून, धुऱ्यावरून परत आलो. फेरी झाली ती झालीच.

आणि फेऱ्यांना मर्यादा असते. डेमॉनवर आधारलेली, मेमरी आपोआप मोकळी करणारी एक तयार सोय लिनक्समध्ये आहे. तिची ठरावीक मांडणी अशी: दोन मिनिटं न वापरलेला प्रदेश उमेदवार, एका सेकंदात जास्तीत जास्त १० मिलिसेकंद वेळ आणि १२८ एमबी मेमरी. निनावी पानं वगळायची असतील तर तिच्यात त्यासाठी एक स्वतंत्र खटका आहे, तोही ६.३ पासूनचा. समजा आपण तो खटका लावला आणि थंड प्रदेश बहुतेक निनावी पानांनीच भरलेले निघाले. मग सेकंदाची सगळी मर्यादा पाहण्यातच खर्च होईल आणि हाती मोकळी जागा थोडीच येईल. बाहेरून पाहणारा म्हणेल, सोय चालत नाही. ती चालते आहे, पण धुऱ्यावरून परत येते आहे. ‘प्रयत्न केला’ आणि ‘प्रत्यक्षात केलं’ हे दोन आकडे कर्नल वेगळे लिहून ठेवतो ते याचसाठी. दोन्ही शेजारी ठेवून वाचले की दुखणं मोजणीत आहे, चाळणीत आहे की मर्यादेत, ते सापडतं.

शेरा कोण लिहितो

पानं काढूनही जागा पुरली नाही तर फोनमध्ये अख्खं अ‍ॅप बंद करावं लागतं. तिथेही चाळणी असते. प्रत्येक प्रोग्रामला उणे १,००० ते १,००० असा एक आकडा दिलेला असतो. मेमरी संपल्यावर कोणाला आधी उठवायचं ते त्यावरून ठरतं. उणे १,००० म्हणजे काहीही झालं तरी याला हात लावायचा नाही. अँड्रॉइड हा आकडा सतत बदलत राहतं. समोर उघडलेलं अ‍ॅप सुरक्षित, मागे गेलेलं हळूहळू धोक्याकडे. बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढताना कॅमेरा समोर येतो आणि अर्जाचं अ‍ॅप मागे जातं. फोटो घेऊन परत आल्यावर अर्ज होता तिथेच, अर्धा भरलेला सापडला, तर या सगळ्या यंत्रणेने आपलं काम चोख केलं. निनावी पान थंड असूनही त्याची किंमत कोणीतरी ओळखली होती.

ते ‘कोणीतरी’ माणूसच असतं, हे सांगण्यासाठी मी हे प्रकरण लिहिलं. मोजणी यंत्रावर सोपवता येते आणि सोपवावीच, कारण दर पाच मिलिसेकंदांनी न थकता, न चिडता, कोणाचा पक्ष न घेता पाहणं माणसाला जमणार नाही. पण कोणतं थंड पान कोणाच्या गरजेचं आहे, हे त्या पाहण्यातून निघत नाही. ते जागा ओळखणाऱ्याने लिहून द्यावं लागतं आणि योग्य क्रमाने लिहून द्यावं लागतं. आज आपल्याकडची कितीतरी मुलं पुण्या-नागपुरात सर्व्हर सांभाळण्याचं काम करतात. चाळणीची ती एक ओळ लिहिताना त्यांनी आलेखातली निळी, थंड पट्टी पाहून थांबू नये. त्या पट्टीत कोण राहतं हे विचारावं.

इंझोरीच्या शेतात वजन झालं की खुंट्या उपटतात, दोरी गुंडाळतात. चौकोनातलं सोयाबीन गेलेलं असतं आणि मधल्या ओळीतली तूर तशीच उभी असते. दोरी ताणताना ती मध्ये येत होती, तरी तिला कोणी विळा लावलेला नसतो. कागदावर पिकाच्या रकान्यात आधीच लिहिलेलं असतं: सोयाबीन.